तुम्ही विचारलंत म्हणून: डायनासोर कोणी पाहिलेत?

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. वर्गात डायनासोरची मालिका दाखवली की दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी पालक हमखास थांबवून विचारतात, "बाई, लेकरांना हे काय दाखवायलात? असली जनावरं कोण बघितलंय?" शिकलेले पालक तेच वेगळ्या शब्दांत विचारतात. हे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं ना मॅडम, मग ते विज्ञानाच्या तासाला कशाला? प्रश्न रास्त आहे. पण फाटकापाशी उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मालिकेचं नाव 'वॉकिंग विथ डायनासोर्स'. बीबीसीने ती पहिल्यांदा 1999 मध्ये आणली. सहा भाग, केनेथ ब्रानाचं निवेदन. वाघ-हत्तींवरचे माहितीपट असतात तशीच तिची मांडणी होती. कळप चाललाय, पिल्लू मागे पडलंय, निवेदक संथ आवाजात सांगतोय. खरी रानं आणि खरे समुद्रकिनारे शोधून तिथे चित्रण केलं, जवळून दिसणाऱ्या तोंडांसाठी यांत्रिक बाहुल्या केल्या आणि चालती-पळती जनावरं संगणकावर तयार केली. 2025 मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी, बीबीसीनेच ती पुन्हा सुरू केली. या वेळीही सहाच भाग, निवेदक बर्टी कार्व्हेल. नाव तेच राहिलं, घाट मात्र बदलला, आणि पालकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या बदललेल्या घाटातच आहे.

जुनी मालिका मला आजही आवडते. तिच्यात जो धीर आहे, जनावराला नुसतं असू देण्याची जी तयारी आहे, ती आता फारशी दिसत नाही. पण तिने एक गोष्ट झाकून ठेवली. जे दिसतंय ते कळलं कसं, हे पडद्यावर कुणी सांगतच नाही. पाहणारा समजतो की सगळं तितकंच पक्कं आहे. तिच्यात लायोप्ल्युरोडॉन नावाचा समुद्री शिकारी 25 मीटर लांबीचा दाखवला होता. मिळालेल्या हाडांवरून त्याची लांबी सहा-सात मीटरच्या आसपास धरतात. फरक तिपटीहून जास्त आहे, तरी तो 25 चा आकडा मुलांच्या तोंडी अजून आहे. आकडा कुठून आला हे न सांगता दिला की तो असाच चिकटून बसतो.

नव्या मालिकेत प्रत्येक भाग एकाच जनावराचा आहे, आणि त्याची हाडं नेमकी कुठे निघतायत ती जागाही दाखवली आहे. अमेरिकेतल्या मोंटानामध्ये ट्रायसेराटॉप्सचं एक पिल्लू, त्याला मालिकेत क्लोव्हर असं नाव दिलंय. युटामध्ये अंगावर काट्यांचं चिलखत असलेला गॅस्टोनिया. कॅनडातल्या अल्बर्टात दोन जनावरं, मोरोक्कोच्या वाळवंटात स्पायनोसॉरस आणि पोर्तुगालमध्ये लांब मानेचा लुसोटायटन. गोष्ट रंगात येते आणि मध्येच थांबते. उन्हात गुडघे टेकून बसलेली माणसं दिसू लागतात. ब्रशने माती झाडतात, टोकदार हत्याराने दगड कणाकणाने सोडवतात, हाड उघडं पडलं की मोडका हात बांधावा तसं प्लास्टरमध्ये गुंडाळून उचलतात. बऱ्याच जणांना हा खंड खटकतो. माझ्या वर्गातही पोरं सुरुवातीला ओरडतात, "बाई, पुढं ढकला की!" मी ढकलत नाही. माझ्या लेखी या मालिकेतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

कारण 'कोण बघितलंय' याचं खरं उत्तर 'कुणीच नाही' हे आहे. कुणी पाहिलं नाही, म्हणूनच प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो. हाडाचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात वाढीच्या रेषा दिसतात, त्यावरून जनावर मेलं तेव्हा केवढ्या वयाचं होतं याचा अंदाज येतो. हाडावर दातांच्या खुणा असल्या की खाणारा कोण, हे शोधता येतं. अल्बर्टात पाइपस्टोन क्रीक इथे मालिकेतल्याच पॅकिरायनोसॉरस या डायनासोरची हाडं एकाच थरात खच पडल्यासारखी सापडतात, लहान-मोठी सगळी एकत्र. कळपाने राहणारं जनावर होतं, असं म्हणायला तेवढा आधार मिळतो.

पुरावा वाढला की चित्रही बदलतं. स्पायनोसॉरसचीच कथा घ्या. इजिप्तमध्ये सापडलेल्या हाडांवरून जर्मनीच्या अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी 1915 मध्ये त्याला नाव दिलं. ती हाडं म्युनिकच्या संग्रहालयात होती. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली आणि मागे उरली फक्त वर्णनं, चित्रं आणि छायाचित्रं. पुढे मोरोक्कोत नवी हाडं मिळाली. 2020 मध्ये त्याच्या शेपटीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेपटीच्या मणक्यांवर उंच काटे होते, म्हणजे ती उभट, वल्ह्यासारखी होती. तो खोल पाण्यात बुडी मारून पोहायचा की काठाशी उभा राहून मासे टिपायचा, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. मी मुलांना हा वाद मुद्दाम सांगते. पुस्तकातला आकडा पाठ केलेल्या मुलापेक्षा, तो आकडा कशावरून काढला असं विचारणारं मूल मला वर्गात हवं असतं.

आता जवळचं उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या जमिनीत डायनासोरांची शेणं दगड होऊन राहिली आहेत. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली आणि 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. वनस्पतीच्या पेशींमध्ये वाळूच्या जातीचे बारीक कण तयार होतात. वनस्पती कुजली तरी ते टिकतात, आणि गवतातल्या कणांचा आकार ओळखू येण्याजोगा असतो. पिसदुऱ्याच्या त्या दगडी शेणात तसे कण निघाले. म्हणजे डायनासोर गवत खात होते. तोपर्यंत त्यांच्या काळात गवत नव्हतंच, असं धरून चालत. 1999 च्या मालिकेसाठी तर गवत नसलेल्या जागा हुडकत माणसं जगभर फिरली होती. आपल्याच राज्यातल्या एका गावाने ती समजूत बदलली. हे सांगताना मला दरवेळी अभिमान वाटतो, तो मी लपवत नाही.

मग पोरांचा ठरलेला प्रश्न येतो. चंद्रपुरात सापडतात, तर आपल्या लातुरात का नाही? त्याचं उत्तर आमच्याकडे दर उन्हाळ्यात दारात येऊन पडतं. बोअरची गाडी लागली की भुकटीचे ढीग पडत जातात. आधी काळी माती, मग मुरूम, मग राखाडी भुकटी. मध्येच मांजऱ्या (बारीक पोकळ्या असलेला खडक) लागला तर पांढऱ्या गारांचे तुकडे चमकतात. मग अचानक तांबडा थर येतो, बोअरवाले म्हणतात गेरू लागला, आणि त्याच्याखाली पुन्हा राखाडी. मी मुलांना ही भुकटी लहान लहान पिशव्यांत भरून, वर खोलीचा आकडा लिहून आणायला सांगते. फळ्याखाली त्या पिशव्या ओळीने लावल्या की अख्खा मराठवाडा उभा चिरून ठेवलेला दिसतो. राखाडी थर म्हणजे थिजलेला लाव्हा. तांबडा थर म्हणजे दोन उद्रेकांच्या मधला विसावा, त्यात वरचा खडक हवा-पाण्याने झिजून त्याची माती झाली. डायनासोर संपले त्या काळाच्या आगेमागे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, दख्खनमध्ये असे लाव्ह्याचे लोट एकावर एक येत राहिले. आजही त्या खडकाने जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्यातच कोरली आहेत. त्याच सुमारास मेक्सिकोत युकातानला मोठी उल्का आदळली. डायनासोरांच्या अंतात तिचा वाटा मोठा मानतात, आणि आपल्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर अभ्यास चालू आहे.

म्हणजे आपल्याकडे जी काही जमीन होती, ती या खडकाखाली गाडली गेली. किती खाली, हे किल्लारीने सांगितलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेबद्दल या भागातल्या माणसाला काही सांगायला नको. जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंपाचं कारण शोधण्यासाठी नंतर किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं. वरचा 338 मीटर नुसता काळा पाषाण निघाला. त्याच्याखाली सुमारे 8 मीटर गाळाचे थर, आणि त्याखाली फार जुना, मूळचा कठीण खडक. ते 8 मीटर म्हणजे लाव्हा येण्याआधीची मराठवाड्याची भुई. आमच्याकडचे बोअर पाचशे-सहाशे फुटांवर थांबतात, ती भुई अकराशे फुटांच्याही खाली आहे. छिद्रातून निघालेल्या बारीक नळकांडीत अख्ख्या प्रदेशाची हाडं शोधता येत नाहीत. पिसदुऱ्याकडे वरचा खडक झिजून गेला, तिथे खालचे थर उघडे पडले. आपल्याकडे ते झाकलेले आहेत. डायनासोर आपल्याकडे नव्हते, असं म्हणायला मात्र कसलाच आधार नाही.

नव्या मालिकेवर माझी एकच मोठी तक्रार आहे. जुन्या सहा भागांत भारत नव्हता, नव्या सहांतही नाही. आणि गोष्टी नसत्या तर ठीक होतं! जबलपूरला 1828 मध्ये हाडं सापडली होती. चंद्रपूरच्याच डोंगरगावचा लांब मानेचा आयसीसॉरस आहे, गुजरातेतल्या रैयोलीचा शिकारी राजासॉरस आहे. पण मला कुणी एकच भाग करायला दिला तर मी धोली डुंगरीचा करीन. गुजरातेतल्या या जागी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या धनंजय मोहबे यांना 1980 च्या दशकात डायनासोरचं एक घरटं सापडलं. त्यात अंडी होती आणि बारीक हाडं होती. सगळी हाडं पिल्लाचीच, असं आधी वाटलं. पुढे 2001 मध्ये अमेरिकेच्या जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यातले काही मणके सापाचे असल्याचं ओळखलं. दगडाची नीट साफसफाई झाल्यावर जे दिसलं ते असं. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, आणि शेजारी नुकतंच बाहेर आलेलं अर्धा मीटर लांबीचं पिल्लू. या सापाचा जबडा अख्खं अंडं गिळण्याइतका उघडत नव्हता, म्हणून तो अंडं फुटायची वाट बघत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. नेमक्या त्या घडीला चिखलमातीचा लोंढा येऊन सगळं झाकून गेला. 2010 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं.

कुणी पाहिलं, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी या घरट्याचं चित्र मोबाइलवर दाखवते. यात संगणकाने काहीच बनवलेलं नाही. दगड आहे, हाडं आहेत, आणि ती ओळखायला लागलेली वर्षं आहेत. मालिकेतलं हलतं-बोलतं जनावर अशाच दगडांवरून उभं केलेलं असतं. कातडीचा रंग, आवाज, चालण्याची ढब यांत कल्पनेचा भाग बराच असतो, तो तसा आहे हे मुलांना स्पष्ट सांगावं.

घरी दाखवायचीच असेल तर आधी नवी दाखवा, मग जुनी. खोदकाम आलं की पुढे ढकलू नका, उलट तिथे थांबवून मुलांना विचारा की या हाडावरून त्यांनी काय काय ओळखलं असेल. सुट्टीत प्रवास जमत असेल तर गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला जा. तिथे डायनासोरचं संग्रहालय आहे आणि अंडी ज्या जमिनीत निघाली ती जमीनही बघायला मिळते. आणि कुठेही काही वेगळा दगड दिसला तर तो उचलून घरी आणू नका. जागेवरच राहू द्या, फोटो घ्या, जागेची खूण लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा. जागेवरून हललेल्या हाडाचा थर कळत नाही, आणि थर कळला नाही की त्याचा काळही ठरवता येत नाही.