नाशिकहून ठाण्याला, नाट्यपदांच्या ओढीने

ठाण्यातल्या एका हौशी नाट्यमंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली आणि वर्धापनदिनाला त्यांनी संगीत नाटकांतल्या पदांचा कार्यक्रम ठेवला. माझी मावसबहीण, आमची ताई, त्या मंडळात सुरुवातीपासून आहे. "नेहमीची नाट्यगीतांची मैफल असेल असं समजून येऊ नकोस, आम्ही जरा वेगळं करतोय," एवढंच ती फोनवर म्हणाली. मला तेवढं पुरलं. शनिवारी सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडली.

पावसाळा सरत आला होता. इगतपुरी सुटली की घाट लागतो, आणि त्या दिवसांत खिडकीवरून डोळे हलत नाहीत. एका बोगद्यातून बाहेर यावं तर समोर हिरवीगार दरी, ती नीट बघेपर्यंत दुसरा बोगदा. सदतीस फुटांना एक फूट इतका हा उतार आहे. मुंबईकडून वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिन लावावं लागतं ते त्यासाठीच. पासवाल्यांना या दृश्याचं काही नाही, त्यांचा पत्त्यांचा डाव रंगात होता. कल्याणनंतर डबा निम्मा रिकामा झाला आणि मी ठाण्याला उतरले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्यापर्यंत आली होती. आज पश्चिमेच्या पुलावर उभं राहून खालचा माणसांचा लोंढा पाहिला की ते चौदा डबे आणि चारशे प्रवासी खरे वाटत नाहीत.

ताई नौपाड्यात राहते. घरी पोचले तर दिवाणखान्यात तालीम चालू होती. कार्यक्रम संध्याकाळी, आणि सकाळी साडेदहाला सहा जणी सतरंजीवर वह्या उघडून बसलेल्या. पेटीवर काळी चारचा सूर धरलेला. पुरुष मंडळींची पट्टी त्याहून खालची, काळी एक, त्यामुळे द्वंद्वगीतांचं काय करायचं यावर जोरदार चर्चा. शेवटी एका पदात बायकांनी खाली उतरायचं आणि दुसऱ्यात पुरुषांनी वर चढायचं ठरलं. यांच्यात एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, एक शाळेत गणित शिकवणारे सर, दोघी-तिघी नोकरी करणाऱ्या मुली. पोटासाठी गाणारं कुणी नाही. मराठी संगीत नाटकाची सुरुवातही अशाच माणसांच्या हातून झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं तेव्हा ते सरकारी कचेरीत नोकरी करत होते.

दुपारी मी एकटीच तलावपाळीवर गेले. वाटेत मामलेदार मिसळ खाल्ली. आम्हा नाशिककरांना मिसळीचा अभिमान असतोच, तरी ही मिसळ उत्तम असते हे मोकळेपणाने सांगते. 'मध्यम' मागितली तरी नाकाडोळ्यांतून पाणी येतं. मग मासुंदा तलावाला वळसा घालून गडकरी रंगायतनासमोर बराच वेळ उभी राहिले. ही वास्तू १९७८ सालची. ठाण्यात नाटक म्हटलं की माणसं हेच नाव घेतात. ज्यांच्या नावाने हे नाट्यगृह उभं आहे त्या राम गणेश गडकऱ्यांना 'एकच प्याला' रंगमंचावर पाहायला मिळालं नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी ते गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. नाटकातली पदंसुद्धा त्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. नायिका सिंधूच्या तोंडची पदं ऐकताना हे कधी जाणवतही नाही, इतकी ती गडकऱ्यांच्या गद्यात मिसळून गेली आहेत. ठाण्याला गाण्याची दुसरी ओळख आहे ती पंडित राम मराठ्यांची. ते इथेच राहिले, आणि महापालिका त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते.

कार्यक्रम घंटाळीच्या सहयोग मंदिरात होता. मी तासभर आधीच जाऊन बसले, कारण मला ऑर्गन लावताना पाहायचा होता. टेम्पोतून गोधडीत गुंडाळून आणलेला तो ऑर्गन चौघांनी उचलून रंगमंचाच्या डाव्या अंगाला ठेवला. वाजवणारे काका सत्तरीच्या पुढचे. त्यांनी चपला काढल्या, बाकावर बसून जागा नीट केली आणि दोन्ही पायपट्ट्या हळूहळू, आळीपाळीने दाबायला लागले. आधी नुसता भात्याचा श्वास ऐकू आला. मग एकेक खुंटी ओढत त्यांनी एकच षड्ज धरला, आणि त्या रिकाम्या सभागृहात तो सूर जमिनीतून वर आल्यासारखा भरत गेला. दमट हवेने दोन पट्ट्या फुगून अडकत होत्या. काकांनी खिशातून पोस्टकार्डाचा तुकडा काढून फटीत फिरवला, पट्टी दाबून पाहिली, पुन्हा फिरवला. पेटीला एक हात भात्यासाठी द्यावा लागतो. इथे तो भार पायांवर, म्हणून दोन्ही हात मोकळे आणि सूर अखंड. गद्य संपता संपता नटाला सूर मिळायला हवा, आणि तो मागून हळूच येणारा ऑर्गनचा सूर जसा देतो तसा दुसऱ्या वाद्याला जमत नाही. तबलजी तोवर हातोडीने गट्टे ठोकत बसले होते.

आता ताईच्या 'वेगळं' या शब्दाबद्दल. नाट्यसंगीताच्या मैफली मी भरपूर ऐकल्या आहेत. निवेदक नाटकाचं नाव, साल, संगीतकार सांगतो, दोन आठवणी सांगतो, मग गायक पद घेतो आणि वीस मिनिटं ताना, बोल-ताना, सरगम. गाणं उंचावतं, पण ते कोण कुणाला का म्हणतंय हे हरवून जातं. या मंडळाने निवेदकच ठेवला नव्हता. प्रत्येक पदाआधी त्या नाटकातली चार-सहा वाक्यं, तीही समोरच्या पात्रासकट, आणि त्या वाक्यातून थेट पदात शिरायचं. त्या पात्राच्या मनाला पेलेल एवढंच गायचं आणि थांबायचं. वन्समोअर घ्यायचा नाही.

किर्लोस्करांनी नेमकं हेच तर केलं होतं. त्यांच्या आधीच्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकात गाण्याचा भार सूत्रधारावर असे, पात्रं बोलत. 'शाकुंतला'त पात्रं स्वतःची पदं स्वतः म्हणायला लागली. दोनशेच्या वर पदं आणि रात्रभर चालणारा प्रयोग, तरी लोक बसून राहायचे, कारण पद हे त्या पात्राचं बोलणं होतं.

'पंचतुंड नररुंडमालधर' या नांदीने सुरुवात झाली आणि पाठोपाठ 'सौभद्र'. सुभद्रेचं लग्न दादाने दुर्योधनाशी ठरवलं आहे, तिचं मन अर्जुनावर. एका पंचविशीतल्या मुलीने सखीचा हात धरून ती चार वाक्यं म्हटली आणि 'वद जाऊ कुणाला शरण' सुरू केलं. हे पद मी लहानपणापासून ऐकते आहे. 'शरण' या शब्दावर गायक काय काय करतात तेही माहीत आहे. तिने त्या शब्दावर एक साधी मींड घेतली, एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकली, आणि सखीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. पद म्हणजे प्रश्न आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

'शारदे'च्या वेळी तर सभागृह पार बदलून गेलं. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ सालचं, म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या कोवळ्या शारदेचं. आधी मैत्रिणींनी शारदेला चिडवत 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' घेतलं. सहाही जणी, त्यात आमची ताई. टाळ्या देत, एकमेकींना ढकलत. लोक खळखळून हसले. हसू ओसरायच्या आत दिवे अर्ध्यावर आले, मैत्रिणी बाजूला झाल्या आणि मागे एकटी उभी असलेली शारदा 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणायला लागली. ज्या थट्टेला आपण आत्ता हसलो तिच्याच पोटात ही भीती होती! माझ्या शेजारच्या आजींनी पदर तोंडाला लावला. मुलींच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ साली आला. त्याचं नाव हरबिलास सारडांवरून पडलं, पण महाराष्ट्रात तो उच्चारताना देवलांच्या शारदेची आठवण न येणारा माणूस विरळा.

'एकच प्याला'तलं 'चंद्र चवथिचा' बँकेतल्या बाईंनी म्हटलं. पाळण्याजवळ, अगदी खालच्या आवाजात, मूल खरोखर झोपेल इतक्या. पलीकडे सिंधूचा दारुडा नवरा सुधाकर भिंतीला टेकून बसलेला. काकांचा ऑर्गन इथे जवळजवळ ऐकूच येत नव्हता. 'कुलवधू'तलं 'बोला अमृत बोला' मात्र घाईत उरकल्यासारखं वाटलं.

एका ठिकाणी माझं आणि मंडळाचं पटलं नाही. 'स्वयंवरा'तलं 'नाथ हा माझा' त्यांनी चार-पाच मिनिटांत आटोपलं. १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी या नाटकाच्या चाली ख्यालाच्या, सावकाश फुलत जाणाऱ्या शास्त्रीय गायकीच्या अंगाने बांधल्या. त्यांना श्वास घ्यायला जागा लागते. रुक्मिणीचा आनंद पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येणाराच आहे, यमन राग तिथे फुलू द्यायला हवा होता. बालगंधर्वांना लोक वन्समोअर देत तेव्हा ते निव्वळ गळ्याला दाद देत नव्हते, त्या रुक्मिणीचा सहवास त्यांना आणखी थोडा हवा असे. मागच्या रांगेतून वन्समोअर आला आणि मंडळी पुढे गेली. मला ते बोचलं. नंतर ताईला तसं स्पष्ट सांगितलंही.

मध्यंतरात गरम बटाटेवडे आणि चहा. त्यानंतरचा भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. 'मंदारमाले'तल्या 'जय शंकरा'ला पहिल्याच सुरावर टाळी पडली. हे पद राम मराठ्यांच्या संगीतातलं, त्यांच्या गळ्यातलं, आणि समोर ठाणेकर बसलेले. आमच्या नाशिकच्या वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' १९६४ सालचं. त्यातलं 'अर्थशून्य भासे मज हा' ऐकताना जितेंद्र अभिषेकींनी पदाला केवढं आटोपशीर केलं ते कळतं. इथे मंडळाचा नियम आणि चाल एकमेकांना अगदी धरून होती.

सगळ्यात रंगलं ते 'कट्यार काळजात घुसली'. १९६७ सालच्या या नाटकात 'घेई छंद मकरंद' दोन चालींत आहे, कारण दोन घराणी एकमेकांसमोर उभी आहेत. पंडितजींची चाल धानी रागातली, प्रसन्न, मोकळी. खाँसाहेबांची सालगवराळीतली, वाकणावाकणाची, आक्रमक. गणिताच्या सरांनी पंडितजी केले आणि एका उंचापुऱ्या तरुणाने खाँसाहेब. दोघं रंगमंचाच्या दोन टोकांना बसले. शब्द तेच, पण एकाच्या तोंडी भुंगा फुलावर अलगद बसतो आणि दुसऱ्याच्या तोंडी तो फूल जिंकून घेतो. आवाज कसलेले नव्हते, तरुणाची एक तान तर अर्ध्यातच सुटली. तरी त्या दोघांतलं वैर आणि दोघांचंही गाण्यावरचं प्रेम पोचलं, आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक त्यावरच तर उभं आहे.

शेवटी त्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' घेतलं. ब्रेख्त आणि कुर्त वाईल यांनी १९२८ साली बर्लिनमध्ये केलेल्या नाटकावरून पुलंनी ते मराठीत आणलं आणि थिएटर अकादमीने १९७८ साली रंगमंचावर आणलं. लावणी, नाट्यपद आणि रॉक त्यात शेजारी शेजारी नांदतात. तबल्याजवळ एक ड्रमसेट आला, ऑर्गनवाल्या काकांनी आनंदाने कॉर्ड धरले आणि सगळं मंडळ समोर येऊन गायलं. भैरवी मात्र सोडली नाही, 'एकच प्याला'तल्या 'कशि या त्यजू पदाला'ने पडदा पडला.

कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलताना, ऑर्गन पुन्हा गोधडीत बांधताना मी त्यांच्यातच होते. पुढच्या राज्य हौशी संगीत नाट्य स्पर्धेत 'शारदा' संपूर्ण उतरवायचं ठरतंय. आज गायलेली मुलगीच शारदा करणार, लग्न जुळवणारा भद्रेश्वर अजून मिळायचाय. स्पर्धेनंतर एक प्रयोग नाशिकला कालिदास कलामंदिरात करा, असा आग्रह मी धरला. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथे ऑर्गन मिळेल का हो, की इथूनच घाट चढवायचा?" नाशिकमध्ये कुणाच्या घरी चालू स्थितीतला ऑर्गन असेल तर मला जरूर कळवा.