पहिली चार्टर बोट कुठे घ्यायची : नागपूरच्या गच्चीवरची नोंद

मागच्या नोंदीत मी डे स्किपरच्या, म्हणजे शिडाची बोट स्वतः चालवण्याच्या सुरुवातीच्या, प्रमाणपत्रापर्यंत पोहोचले होते. नंतरचे चार महिने एकाच प्रश्नात गेले. स्वतःच्या जबाबदारीवर चालवायची पहिली बोट भाड्याने कुठे घ्यायची? आता ठरलंय. ग्रीसचा आयोनियन समुद्र, लेफकाडा बेट, जूनचा पहिला पंधरवडा, सात दिवस, 34 फुटी मोनोहल (एकाच सांगाड्याची बोट), आणि तीही फ्लोटिलात, म्हणजे बोटींच्या ताफ्यात. अ‍ॅडव्हान्स भरलाय. इथवर कशी आले ते लिहून ठेवते. आपल्या गटातले बरेच जण माझ्यासारखेच समुद्रापासून लांब राहतात, आणि निवडीबद्दल जे वाचायला मिळतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं.

सुरुवात डिसेंबरातल्या, थायलंडमधल्या फुकेतच्या कोर्सपासून करावी लागेल. पाच दिवसांपैकी चौथ्या दिवशी दुपारी मला बोट मागे घेत पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) लावायची होती. वारा उजवीकडून, बारा-तेरा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). मी रिव्हर्स टाकला, पण हात आखडता घेतला. वेग कमी, त्यामुळे सुकाणूला पाणीच धरेना. प्रॉपेलरने शेपूट डावीकडे ओढली, वाऱ्याने नाळ, म्हणजे पुढचं टोक, ढकलली आणि बोट पाँटूनला आडवी जाऊन टेकली. फेंडर होते म्हणून ओरखडाही आला नाही. शिक्षकांनी शांतपणे पुढे घ्यायला लावलं, मी तेच तीनदा केलं, तिसऱ्यांदा जमलं. पण शिडं भरलेली असताना जी भीती एकदाही वाटली नव्हती ती धक्क्यापासून दहा मीटरवर वाटली. त्याच रात्री मनाशी पक्कं केलं की पहिली सहल निवडताना बेटं किती सुंदर ते मागाहून बघायचं. रोज संध्याकाळी बोट कशी लावावी लागेल ते आधी.

त्यानंतर आमच्या शाळेचं वेळापत्रक. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात. लेक सोबत येणार, म्हणजे मे किंवा अर्धा जून. एवढ्यानेच यादी छाटली गेली. फुकेतचं पाणी ओळखीचं, पण मे-जूनमध्ये तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे. सेशेल्सला व्हिसा लागत नाही, नांगर टाकून मुक्काम करायच्या जागा भरपूर, म्हणजे धक्क्याची झंझट कमी. फार मोह झाला. पण मेपासून तिथे आग्नेय व्यापारी वारे सुरू होतात, जूनपुढे जोर धरतात, आणि तिथल्या माहे बेटाहून प्रालँ बेटाला जायचं तर पंचवीस-एक सागरी मैल उघडा समुद्र. दोन वर्षांनी नक्की जाईन. पहिल्या वेळी लेकीला त्या लाटांत नेणार नाही.

मग भूमध्य समुद्र. क्रोएशियात प्रमाणपत्रासोबत व्हीएचएफ रेडिओचा वेगळा दाखला मागतात आणि माझी ती परीक्षा अजून राहिली आहे. ग्रीसमध्ये एक प्रमाणपत्रधारक स्किपर आणि बोटीचा अनुभव असल्याचं लिहून देणारा दुसरा माणूस लागतो. हा दुसरा माणूस म्हणजे माझे दीर. मुंबईला नोकरीत असताना त्यांनी दोन हंगाम क्रू म्हणून काढलेत. नवखे हमखास विसरतात म्हणून सांगते, प्रमाणपत्राची प्रत आधी कंपनीला पाठवा आणि ‘हे चालेल’ असं लेखी घ्या, मगच पैसे भरा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आमचा झालाय.

ग्रीस ठरलं तरी कुठला ग्रीस हा प्रश्न उरतोच. फोटोतली पांढरी घरं, निळे घुमट सायक्लेड्समधले, एजियन समुद्रातले. नवऱ्याला तेच हवं होतं. पण तिथे उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आकाश निरभ्र, ढगाचा मागमूस नाही, आणि वारा बोफर्ट 7 पर्यंत (बोफर्ट ही वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी), म्हणजे 28 ते 33 नॉट. जुलै-ऑगस्टमध्ये तो दिवसेंदिवस थांबत नाही. अनुभवी लोकसुद्धा बंदरात अडकून पडतात. शनिवार ते शनिवार भाड्याने घेतलेल्या बोटीत अडकून पडणं वेगळं असतं, कारण परतीची तारीख डोक्यावर असते आणि माणूस नको त्या वाऱ्यात निघतो. नवऱ्याला हे आकडे कागदावर मांडून दाखवले, त्याने लगेच मान्य केलं.

आयोनियनचं वागणं मला आपलं वाटतं. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, त्याच घरातला हा कारभार. सकाळी पाणी जवळजवळ निपचित. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून माइस्त्रो उठतो, बहुतेकदा बोफर्ट 4, कधी 5. दिवस कलला की पडतो. लेफकाडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया ही बेटं एकमेकांना दिसतात. दिवसाला दहा-पंधरा सागरी मैल, पाच नॉटने दोन-तीन तास. भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नाही. सकाळी इंजिनावर निघून जेवणाच्या वेळी एखाद्या खाडीत नांगर, दुपारी शिडावर आणि वारा अंगावर यायच्या आत बंदरात, असा दिवस बसतो. मुख्य म्हणजे काही बिनसलं तर मागे वळायला जागा आहे.

फ्लोटिला की एकटं, यावर दिरांशी बरीच चर्चा झाली. बेअरबोट म्हणजे बोट मिळते, सोबत माणूस मिळत नाही. फ्लोटिलातही आपली बोट आपणच चालवायची, पण पाच-दहा बोटींबरोबर एक पुढारी बोट असते. तिच्यावर स्किपर, मेकॅनिक आणि पाहुण्यांचं बघणारं कुणीतरी. सकाळी वारा आणि मार्ग समजावून सांगतात, आणि संध्याकाळी तुम्ही मागे येत असता तेव्हा धक्क्यावर उभे राहून तुमचे दोर घेतात. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझ्यापुरती चर्चा संपली. दिरांना आपल्या मर्जीने भटकायचं होतं. मधले दोन दिवस मोकळे असतात, तेवढ्यावर ते राजी झाले.

कॅटमरानचा, म्हणजे दोन सांगाड्यांच्या बोटीचा, विचार केला होता. दोन इंजिनं, जागच्या जागी वळते, कलत नाही. पण रुंदी जवळपास दुप्पट, वारा अंगावर जास्त घेते आणि छोट्या धक्क्यांवर तिला जागा शोधावी लागते. भाडंही भारी. भाड्याबद्दल एवढंच सांगते की जाहिरातीतला आकडा धरू नका. शेवटची साफसफाई, डिंगीचं (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं) इंजिन, चादरी, ग्रीसचा क्रूझिंग कर, डिझेल, आणि कार्डावर अडकणारं डिपॉझिट किंवा त्याऐवजीचा डॅमेज वेव्हर (नुकसानीची जबाबदारी कमी करणारं शुल्क), सगळं एका ओळीत मांडून बेरीज करा. आमच्या यादीतली ‘स्वस्त’ बोट अशा बेरजेत तिसरी आली.

आता खरं काम, म्हणजे सराव. भूमध्य समुद्रात बोट शेपटीकडून धक्क्याला लावतात. पुढे नांगर टाकायचा, मागे घेत जायचं, शेपटीचे दोन दोर बांधायचे. नागपुरात हे करायला पाणी नाही. खिंडसी तलावात नौकाविहार होतो, पण अशी बोट तिथे कुठून येणार? म्हणून गच्चीवर खडूने बोट काढली. खऱ्या मापाची, 10.4 मीटर लांब, 3.4 रुंद. सासूबाईंच्या कुरडया नाळेपलीकडे वाळत होत्या, म्हणून धक्का पाण्याच्या टाकीकडे घेतला. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, तिघं आपापल्या जागी. दीर पुढे नांगरावर, नवरा मागे वाऱ्याच्या बाजूचा दोर घेऊन, मी सुकाणूवर. लेक वारा सांगते, रोज वेगळ्या दिशेने.

पहिल्या दिवशीच कळलं की आमचे शब्दच चुकीचे आहेत. मी ‘सोड’ म्हणाले, नवऱ्याने दोर ओढला. ‘सोड’ आणि ‘ओढ’, कूलरच्या आवाजातही दोन्ही सारखेच ऐकू आले, मग इंजिनाच्या आवाजात काय होणार? तेव्हा ‘ओढ’ काढून टाकला, त्या जागी ‘आवळ’ घेतला. पुढच्या माणसाशी तर बोलायचंच नाही, सगळं हाताने. पंजा खाली म्हणजे साखळी सोडा, मूठ म्हणजे थांबा. दीर तरी विचारतातच, “वहिनी, किती सोडून राहिलो मी, मोजताय ना?” मोजते. खोली आठ मीटर धरली तर साखळी किमान चौपट, म्हणजे 32 मीटर. बोट ताब्यात घेताना साखळीवर मीटरच्या खुणा कशा आहेत ते विचारायचं, हे यादीत सर्वांत वर लिहिलंय.

नांगर धक्क्यापासून तीन बोटी अंतरावर टाकायचा म्हणतात. तीन बोटी म्हणजे किती, हे डोळ्याला माहीत हवं. आमच्या गेटपासून पलीकडच्या कडुनिंबापर्यंत टेपने मोजलं, 32 मीटर भरले. आता येता-जाता गेटमधून ते झाड किती लांब दिसतं ते डोळ्यांत साठवते. अंबाझरी तलावावर फिरायला गेले की पाण्यावरून वारा ओळखायचा आणि मग हातातल्या वारा मोजायच्या मीटरने पडताळायचा. गेल्या आठवड्यात पाचपैकी चारदा बोफर्ट बरोबर आला. चुकला तो अंदाज कमी धरल्यामुळे, आणि तीच चूक शिडं लहान करायला उशीर करवते.

राहिलेलं काम : व्हीएचएफची परीक्षा ग्रीसला लागत नसली तरी देणार आहे. बोलाइन गाठ नवऱ्याला डोळे मिटून यायला हवी, सध्या झोपाळ्याच्या कडीवर सराव चालू आहे, दहातल्या सात बसतात. आणि गच्चीवर उद्यापासून नवीन गोष्ट. शेजारच्या बोटीच्या साखळीवर आपला नांगर पडला तर काय करायचं. त्यासाठी दुसरी बोट काढावी लागेल. कुरडया वाळल्यात, जागा झाली आहे.