डोळे मिटा, आप्पा

नोव्हेंबर म्हणजे आमची सुगी. शेतकऱ्याच्या घरात कापूस येतो आणि माझ्या दुकानात पेन्शनर. भुसावळात जामनेर रोडला माझं सेवा केंद्र आहे; लोक अजून त्याला सेतूच म्हणतात. सातबारा, पॅन कार्ड, भरतीचे फॉर्म हे बाराही महिने चालतं, पण नोव्हेंबरात रांग लागते ती हयातीच्या दाखल्याला. गाव रेल्वेचं. गल्लीत दोन घरं सोडून एक माणूस शेडमधून, यार्डातून नाहीतर गार्ड-ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला. ३० तारखेच्या आत 'हा माणूस जिवंत आहे' असं मशिननं म्हटलं पाहिजे, नाहीतर पुढची पेन्शन अडकते.

काम तसं सोपं. आधार नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, मोबाइलवर ओटीपी, आणि शेवटी अंगठा. घोडं अडतं ते अंगठ्यापाशी. थंडी पडली की म्हाताऱ्या माणसांची कातडी कोरडी पडते, रेघा आधीच झिजलेल्या, आणि मशिनचा लाल दिवा नुसता लुकलुकत राहतो. आमचे उपाय ठरलेले. अंगठा केसांतून फिरवा, ओल्या फडक्याला पुसा, हा नाही तर तो, तो नाही तर करंगळी. एका आजींचा अंगठा मी तेलासाठी थेट त्यांच्याच कपाळाला घासला होता. त्या म्हणाल्या, "मायी टिकली पुसशीन ना रे भो."

ही गोष्ट २०२३ची. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, मंगळवार होता, आणि सकाळपासून सर्व्हर रडत होता. दुकानासमोर रिक्षा थांबली. आधी काकू उतरल्या, मग त्यांनी आत हात घालून आप्पांना बाहेर काढलं. उंच माणूस, खांदे अजून रुंद, पण पाऊल उचलत नव्हतं, फरशीवर घासत येत होतं. खुर्चीत बसले आणि उजवा हात मांडीवर ठेवला, तर अंगठा तर्जनीवर सारखा फिरतोय. तंबाखू मळावी तसा.

मी आपला सहज बोलून गेलो, "आप्पा, चुना देऊ का?"

"तंबाखू नाही भाऊ," काकू म्हणाल्या, "कंप आहे तो."

त्यानंतर मी बराच वेळ कीबोर्डकडेच बघत होतो.

बँकेतून त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. खरं म्हणजे अंगठा लागत नसेल तर माणूस समोर बघून कागदी फॉर्मवर दाखला घेता येतो, तशी सोय आहे. पण काउंटरवरच्या पोरानं 'मशिन घेत नाही, नंतर या' एवढंच सांगितलं. नंतर म्हणजे कधी? शहात्तर वर्षांच्या माणसाला रिक्षात चढवा-उतरवायला काय लागतं, हे त्या पोराला एकदा काकूंच्या जागी उभं करून दाखवायला पाहिजे.

मी आप्पांचा हात मशिनवर ठेवायला म्हणून हातात घेतला आणि थबकलो. मूठ वळली की चार गाठी वर येतात ना, त्यांतली करंगळीची गाठ नव्हतीच. तिथे खड्डा होता आणि त्याच्यामागे, मनगटाच्या बाजूला, हाडाचा उंचवटा. अंगठ्याचं मूळ बाहेर सरकलेलं. डाव्या हाताची तीच गत, थोडी कमी. बोटं मात्र लांब आणि नखं नीट कापलेली. ते काम काकूंचं असणार.

"शेडमध्ये काही पडलं होतं का हातावर?"

"बॉक्सिंग," काकू म्हणाल्या. "साठ किलोमध्ये चॅम्पियन होते. आंतररेल्वेत तीनदा सोनं आहे."

आता आमच्या खान्देशात मर्दानी खेळ म्हटला की कुस्ती. यात्रा आली की दंगल, नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामापर्यंत. ठोसे मारणं म्हणजे गल्लीतली गुद्दागुद्दी, त्याला कुणी पदक देतं हेच लोकांना पटत नाही. त्यामुळे गल्लीत आप्पांचं नाव पैलवान पडलेलं, आणि तेवढं नाव त्यांना अजिबात आवडत नाही, हे काकूंनी मला हळूच सांगून ठेवलं.

दहाही बोटं लावून झाली. लाल, लाल, लाल. मी शहाणपणानं म्हणालो, "एवढे ठोसे मारले, रेघा राहतील कशा?"

आप्पा पहिल्यांदा बोलले. आवाज इतका बारीक की मला टेबलावरून वाकावं लागलं.

"ठोशानं रेघा नाही जात रे भो. हाताला पट्टी असते, वर ग्लोव्ह असतं. रेघा गेल्या घासलेटनं."

मग तुटक तुटक जे सांगितलं ते असं. विसाव्या वर्षी रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागले. अंगात ताकद दिसली म्हणून कुणीतरी मुंबईला मध्य रेल्वेच्या शिबिराला पाठवलं. अकरा वर्षं खेळले. तोवर शेडमध्ये त्यांच्या हातात कुणी पाना दिला नाही. स्पर्धेला रजा, साहेब नावानं ओळखायचे, एक इन्क्रिमेंट जास्तीचं. "ज्या वर्षी हरलो ना, त्या वर्षीपासून घासलेट." पुढची अठ्ठावीस वर्षं इंजिनाचे सुटे भाग घासलेटात बुडवून पुसले, फिटर झाले आणि २००७ला सुटले.

हौशी खेळाडू म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. लढतीचे पैसे नाहीत. मिळायचं ते सर्टिफिकेट, ब्लेझर आणि नोकरी. देशाच्या स्पर्धेत फौजेचे बॉक्सर सगळ्यांना पुरून उरायचे आणि रेल्वेवाले त्यांच्या मागे लागलेले असायचे. आप्पांनी हवासिंगला डोळ्यांनी पाहिलं होतं. हेवीवेट, फौजेचा, सलग अकरा वेळा राष्ट्रीय चॅम्पियन, १९६६ आणि १९७०च्या बँकॉक एशियाडमध्ये सोनं. "तो रिंगमध्ये चढला की दोऱ्या वाकायच्या," एवढं बोलून आप्पा दम घेत थांबले. त्यांची स्वतःची हकीकत मात्र बरीचशी भुकेची निघाली. साठ किलोत बसायचं म्हणून वजनाच्या आधी दोन दिवस पाणी तोडायचं, अंगावर तीन-तीन कपडे चढवून उन्हात पळायचं. "तोंडाला पाणी सुटलं तरी थुंकून टाकायचं, तेवढंच वजन कमी. आणि डोळ्यासमोर काय? बामणोदच्या वांग्याचं भरीत." सकाळी काट्यावरून उतरले की घरून पिशवीत नेलेली केळी, एका बैठकीला डझनभर. आमच्या रावेर-यावलच्या केळ्यांनी आणखी कुणाकुणाला जिंकून दिलं असेल कोण जाणे.

मागे एक पोरगा पोलीस भरतीचा फॉर्म भरायला बसला होता. हे सगळं ऐकून तो खुर्ची ओढत पुढे आला.

"आजोबा, हेडगार्ड घालायचे का तुम्ही?"

"तेव्हा कुठलं."

"ऑलिंपिकला १९८४ला आलं," पोरगा मला म्हणाला, "आणि २०१६च्या रिओला पुरुषांचं काढून पण टाकलं." हल्लीच्या पोरांना सगळं पाठ असतं. लगेच त्यानं कामाचं विचारलं, खेळाडूंच्या पाच टक्के कोट्यात कुठलं सर्टिफिकेट चालतं ते. आप्पांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं.

ओटीपी पुन्हा मागवायचा म्हणून मी काकूंच्या फाइलमधून पीपीओ काढला, तर त्याच्या मागे पेपरचं कात्रण. कौरसिंगचं. पंजाबचा हा गडी १९८०ला दिल्लीत मुहम्मद अलीसमोर प्रदर्शनी लढतीत उभा राहिला होता आणि १९८२च्या दिल्ली एशियाडला हेवीवेटचं सोनं त्यानं जिंकलं. पुढे हृदयाच्या दुखण्यात उपचारासाठी त्याला कर्ज काढावं लागलं. २०२३च्याच एप्रिलमध्ये तो गेला. आप्पांनी बातमी कापून पेन्शनच्या कागदांत का ठेवली, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "तो देशाचा चॅम्पियन, मी रेल्वेचा. मले रेल्वेचा दवाखाना आहे."

दवाखान्यातल्या डॉक्टरनंच काकूंना समजावलं होतं की हा पार्किन्सन, मुहम्मद अलीलाही हाच होता. "मी रडत बाहेर आले," काकू म्हणाल्या, "आणि यांना आनंद! अलीचा आजार म्हणे!" आप्पांचा चेहरा हलला नाही, पण मला वाटतं ते हसले.

सर्व्हर आला. मी पुन्हा अंगठा लावला. लाल. वैतागून मशिनवर चापट मारली, तेव्हा आप्पा म्हणाले, "आमच्यात पण असंच होतं." रिटायर व्हायच्या आधी ते पंच म्हणून बसायचे. त्यांच्या खेळण्याच्या काळात पाच पंच कागदावर गुण लिहायचे. फौजेच्या एका पोराविरुद्धची राष्ट्रीय फायनल ते तशाच चिठ्ठ्यांवर तीन-दोननं हरले. पुढे १९८८ला सोलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला तसंच तीन-दोननं हरवलं, जगभर बोंब झाली, आणि १९९२पासून ऑलिंपिकमध्ये कॉम्प्युटर आला. पाचांतल्या तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण मिळायचा. "ठोसा बसायचा. आवाज सगळ्या हॉलला जायचा. अन् मशिनवर शून्य." त्यांनी माझ्या लाल दिव्याकडे बोट केलं. बोट थरथरत होतं, पण नेमकं तिकडेच होतं.

शेवटचा उपाय राहिला होता, चेहऱ्याचा. २०२१पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही दाखला निघतो. आधी मी माझा चेहरा दाखवायचा, मग पेन्शनरचा. पडद्यावर गोल येतो, त्यात तोंड बसवायचं आणि डोळ्यांची उघडझाप करायची, म्हणजे हा फोटो नाही, जिता माणूस आहे हे त्याला पटतं. मी पापणी हलवली, माझं झालं. फोन आप्पांसमोर धरला.

"डोळे मिटा, आप्पा."

आप्पा बघत राहिले. वेळ संपली. परत लावला. "मिटा ना, एकदाच." त्यांनी मिटले, पण इतके सावकाश, की दुपारच्या डुलकीला चालले आहेत असं वाटावं. उघडेपर्यंत पुन्हा वेळ संपली. काकू म्हणाल्या, या आजारात पापणी हलायचीच कमी होते, चेहरा गोठल्यासारखा होतो. भरतीवाल्या पोरानं फोन धरला आणि मी लहान लेकराला करतात तसं त्यांच्या डोळ्यांपुढे चुटकी वाजवली. काही नाही. टाळी वाजवली. काही नाही. मग मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी मूठ वळून झटकन त्यांच्या नाकासमोर नेली. मारायला नाही हो, दचकून तरी पापणी हलेल म्हणून.

माझी मूठ पोहोचलीच नाही. मांडीवर पडलेला तो उजवा हात कधी वर आला ते मी पाहिलं नाही. माझं मनगट बाहेरच्या बाजूला ढकललं गेलं होतं, त्यांचं डोकं वीतभर डावीकडे झुकलं होतं आणि डावी मूठ त्यांच्या हनुवटीपाशी येऊन थांबली होती. कंप नव्हता. डोळे सताड उघडे, माझ्या खांद्यावर रोखलेले. पापणी हललेली नव्हती.

दुकानात कुणी बोलेना. मग हात खाली आला, मांडीवर टेकला, आणि अंगठा पुन्हा तंबाखू मळायला लागला.

"पहिलं वर्षभर गुरूनं दुसरं काहीच शिकवलं नाही," आप्पा म्हणाले. "टॉवेलचा फटका तोंडासमोर मारायचे. डोळा मिटला की पाच उठाबशा. मिटलास तर पहिला ठोसा खाशील, म्हणायचे, अन् दुसरा दिसणारच नाही." आणि थोड्या वेळानं, "खांदा आधी हलतो. मूठ नंतर."

"ते सगळं खरं," मी म्हणालो, "पण आता दाखला कसा काढू?"

काकू उठल्या. पदर खोचला, पोराला म्हणाल्या, "धर रे नीट." नवऱ्याची हनुवटी दोन बोटांत धरली आणि डोळ्यात कण गेल्यावर घालतात तशी एक फुंकर घातली. आप्पांची पापणी फडफडली, दोनदा, तीनदा. गोल हिरवा झाला.

"अकरा वर्षं कुणाला जमलं नाही," आप्पा पुटपुटले.

"मले विचारलं कोणी?" काकू म्हणाल्या.

प्रिंट काढली, प्रमाण आयडी पेनानं अधोरेखित करून फाइलमध्ये कात्रणाच्या वर लावली. पैसे नको म्हणालो तर आप्पांनी मान हलवली. काकूंनी मोजून सुटे टेबलावर ठेवले. पोरगा रिक्षा थांबवायला पळाला. उठताना आधारासाठी आप्पांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. माझी बोटं मिटून मूठ वळायला लावली, तिच्याकडे पाहिलं, आणि अंगठा आत गुंतला होता तो ओढून बाहेर काढला, बोटांवर आडवा दाबला. मघाशीही मी तशीच मूठ वळली असणार.

"आत ठेवला की मोडतो," म्हणाले. आपल्या अंगठ्याचं ते सरकलेलं मूळ त्यांनी माझ्यापुढे धरलं.

रिक्षा गेली. मागचे आजोबा खुर्चीत येऊन बसले, आधार कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "कुठला लावू, उजवा का डावा?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी मूठ अजून वळलेलीच आहे.