शेरीफलापण मत द्यायचं?

मावसभाऊ अमेरिकेत असतो, आता तिथला सिटीझन झालाय, त्याने निवडणुकीआधी व्हिडिओ कॉलवर सॅम्पल बॅलट दाखवलं तर मी पाहतच राहिलो. गव्हर्नर समजला भो, तिथला मुख्यमंत्रीच धरा, पण खाली काउंटीचा (काउंटी म्हणजे तिथला जिल्हाच धरा) शेरीफ, म्हणजे पोलिसांचा प्रमुख, क्लर्क, ट्रेझरर हेपण उमेदवार! सगळ्या राज्यात सारखं नसतं, पण बऱ्याच ठिकाणी असंच.

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ ला आपण एकच बटण दाबून आलो. कलेक्टर, एसपी नेमलेले येतात. आणि मला तेच बरं वाटतं, पोलिसाने दारोदार मतं मागितली की मग कारवाई करताना तो कोणाकोणाचं तोंड बघणार?

पण एवढ्या नावांसाठी भाऊ चार दिवस वाचत बसला होता, हे मनापासून आवडलं. आपल्याला एकच आमदार निवडायचा असतो, त्याचं फॉर्म २६ चं शपथपत्र, गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट असतं, तरी आमच्या गल्लीत कोणीच उघडलं नाही, मीपण नाही. पुढच्या जिल्हा परिषदेला आमच्या गटातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं काढून पारावर वाचून दाखवणार आहे.