चष्मासुद्धा

काट्यावर चढण्याआधी मावशीने चपला काढल्या. मग घड्याळ. मग चष्मासुद्धा!

"अहो, औषधाचा डोस ठरवायला उंची-वजन लागतं, परीक्षा नाहीये तुमची," सिस्टर म्हणाल्या. मावशी हसली. पण आकडा ऐकल्यावर हळूच म्हणाली, "म्हणजे हे मीच ओढवून घेतलं का गं?"

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. डॉक्टरांनी समजावलं होतं की चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती सतत काहीतरी करत असते. पाळी गेल्यावर बीजांडकोश थंडावतात, चरबी मात्र इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बनवत राहते आणि अस्तराच्या पेशींना वाढायला चिथावते. वर इन्सुलिन जास्त, आतल्या आत बारीक सूज. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जादा वजनाशी जोडलेले १३ कॅन्सर सांगितले, त्यातलाच हा एक.

सगळं मान्य. पण धोका वाढणं वेगळं आणि गुन्हेगार ठरणं वेगळं. सडपातळ बायकांनाही होतोच की हा, आणि जाड असलेल्या बहुतेकींना होत नाही.

हे तिथेच बोलायला हवं होतं. मी नुसता चष्मा पुसून तिच्या हातात दिला.

तुम्ही काय म्हणाला असतात?