कामाचा फोन गप्प करताना

ताण कमी व्हावा म्हणून मी आधी श्वासाचं अ‍ॅप घेतलं, आणि क्रम तिथेच चुकला. ऑफिसचे मेसेज चालूच, वर ‘आजचं ध्यान राहिलं’ ही आणखी एक टिंग. म्हणून मग नोटिफिकेशनपासून सुरुवात केली.

अँड्रॉइडवर कंपनीचं वर्क प्रोफाइल असेल (ऑफिसच्या अ‍ॅप्सचा वेगळा कप्पा; आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसते), तर ते सेटिंगमधून थांबवता येतं. मग त्यातली अ‍ॅप्स नुसती गप्प होत नाहीत, बंदच पडतात. घोळ घालतं ते व्हॉट्सअ‍ॅप, कारण टीमचा ग्रुप खासगी बाजूला असतो. तो म्यूट केला तरी कुणी आपल्याला टॅग केलं की नोटिफिकेशन येतं. यावर उपाय ‘डू नॉट डिस्टर्ब’. त्यात रिपीट कॉलर्स चालू ठेवलं, की त्याच नंबरचा 15 मिनिटांच्या आत आलेला दुसरा कॉल वाजतो. टीमला सांगून टाकलं: खरंच अडलं तर लागोपाठ दोनदा फोन करा. सर्व्हर पडलेला माणूस दोनदा करतो. ‘एकच विचारायचं होतं’वाले पहिल्याच कॉलला गळतात.

मग श्वास. 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला 6; असं 5 मिनिटं. गरगरलं तर श्वास फार जोरात ओढला जातोय. हलका घ्यायचा.

घड्याळातला स्ट्रेसचा आकडा बघणं सोडलं. तो हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं यावरून काढतात. जिना, चहा, जागरण, कशानेही हलतो. त्यापेक्षा पीएचक्यू-9 ही नैराश्याची लक्षणं तपासणारी प्रश्नावली बरी: 9 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण, जास्तीत जास्त 27. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात, त्यामुळे रोज भरण्यात अर्थ नाही. 10 किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायचं. हे निदान नव्हे, चाळणी आहे. मात्र नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथे 0 सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसायचं नाही, लगेच मदत मागायची.

मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 2022 पासून आहे: 14416, मोफत, 24 तास, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. काय बोलावं सुचत नसेल तर भरलेली प्रश्नावली समोर ठेवायची. तिसरा प्रश्न झोपेचा. तिथून बोलायला सोपं जातं.