जुनं जाकीट जुनंच राहावं : आमची वाटचाल

२००९ साली अमेरिकेत ओहायोतल्या डेटनमध्ये दुकान उघडलं तेव्हा बूट, पर्स, पट्टे, जे येईल ते दुरुस्तीला घेत होतो. माझे वडील कोल्हापूरला सुभाषनगरात चपला करायचे. आरी आणि रापी धरायला मी त्यांच्याकडेच शिकलो. अमेरिकेत आलो नोकरीसाठी, पण हातांना ओढ चामड्याचीच होती, आणि सौ.ने धीर दिला म्हणून नोकरी सोडता आली.

आज आम्ही फक्त दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांची चामडी जाकिटं दुरुस्त करतो. गावच तसं आहे. वैमानिकांच्या पोशाखाचे नमुने इथल्या राईट फील्ड या लष्करी विमानतळावर ठरत, अमेरिकी हवाई दलाचं मोठं संग्रहालयही इथेच. संग्राहक येतात ते बहुतेक ए-२ घेऊन. १९३१ साली मंजूर झालेलं हे जाकीट मुख्यतः घोड्याच्या कातड्याचं, काही बकरीच्या. खांद्यावर पट्ट्या, पाठ एकाच अखंड तुकड्याची, मनगटाला नि कमरेला लोकरी वीण. १९४३ मध्ये अमेरिकी लष्करी हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप अर्नॉल्ड यांनी पुढच्या ऑर्डरी थांबवल्या आणि कापडी जाकिटं आली.

गळ्यातल्या लेबलावरचा आकडा म्हणजे आपल्या आजोबांच्या जाकिटाचा खास क्रमांक, असं बरेच जण समजतात. तो कंत्राटाचा क्रमांक; त्या ऑर्डरीतल्या सगळ्या जाकिटांवर तोच. तरी तो फार उपयोगी. त्यावरून कारखाना आणि साधारण वर्ष कळतं, मग चेन त्या काळाशी जुळते का ते पडताळता येतं.

कातडं ऐंशी वर्षांनीही धडधाकट असतं, कुजतो तो सुती दोरा. उसवलेला खिसा मशीनवर धरला की जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पडतात आणि तेवढी रेघ टपाल तिकिटासारखी फाटते. म्हणून आम्ही जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुया समोरासमोर घालत हाताने शिवतो. एका खिशाला अख्खी दुपार जाते. जाऊ दे. लोकरी विणीला कसर लागलेली असते. ते काम सौ.चं. उन्हाने विटलेल्या रंगावर ती विसंबत नाही. शिवणीच्या आत दुमडून राहिलेल्या पट्टीत मूळ रंग सापडतो, त्याच्याशी ती नवी लोकर जुळवते.

चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरची जाकिटं माझी विशेष आवडती. आसामातून हिमालयाचं पूर्व टोक ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला सामान नेणाऱ्या वैमानिकांनी हिंदुस्थानातल्या कारागिरांकडून बिल्ले करून घेतले. निळ्या पट्टीवर चीनचा सूर्य आणि हिंदुस्थानचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. कुठे ते जरीने भरलेले, कुठे रंगीत चामड्याचे तुकडे कापून जोडलेले. असा पहिला बिल्ला टेबलावर आला तेव्हा त्याच्या कडेचे बारीक टाके मी भिंगातून किती तरी वेळ पाहत बसलो. त्या कारागिराचं नाव कुठेच नोंदलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने कोऱ्या पाठीच्या ए-२ वर बॉम्बर विमान आणि मोहिमांच्या खुणा रंगवून मागितल्या. पैसे भरपूर देत होता आणि आम्हाला दुकानाचं भाडं चुकवायचं होतं. आम्ही नाही म्हटलं. माणसं ज्या मोहिमांत मेली, त्या मोहिमा दुसऱ्याच कुणाच्या जाकिटावर रंगवणं ही फसवणूक आहे, मग खरेदीदाराला कळो वा न कळो. तेव्हापासून नियमच केला : काय बदललं ते लिहून द्यायचं, आणि काढलेली चेन, वीण, अस्तराचे तुकडे कापडी पिशवीत घालून जाकिटाबरोबर परत करायचे.

नायलॉनची एम-ए-१ ही युद्धानंतरची जाकिटं आम्ही घेत नाही, ते शिवणकाम वेगळं. मेंढीच्या लोकरी कातड्याची बी-३ घेतो, पण वेळ लागतो. जाकीट पाठवण्याआधी तेल किंवा पॉलिश लावू नका. प्लास्टिकमध्ये न गुंडाळता जुन्या सुती चादरीत सैलसर घडी घाला, आणि लेबलाचा फोटो आधी पाठवा.